यूटीएम घेण्याआधीचे पंधरा दिवस

चाकण, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत पन्नास-साठ संगणकांच्या कारखान्यात फायरवॉल घ्यायचं ठरलं की सहसा तीन कोटेशन मागवली जातात. तिन्हींवर डब्याचं नाव वेगळं असतं, पण खालची यादी तीच: फायरवॉल, घुसखोरी रोखणारी आयपीएस, गेटवे अँटिव्हायरस, वेब फिल्टर, अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल, व्हीपीएन आणि दोन इंटरनेट लाइन सांभाळायची सोय. मालक शेवटची रक्कम बघतो, सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याला बोलावून आणखी थोडं कमी करून घेतो आणि ऑर्डर देतो. या सगळ्यात डबा कुणी तपासलेलाच नसतो. तो तपासायचा कसा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

सगळं एकाच डब्यात बसवणाऱ्या या उपकरणांना यूटीएम, म्हणजे युनिफाइड थ्रेट मॅनेजमेंट, हे नाव २००४ मध्ये आयडीसी या बाजार-संशोधन संस्थेनं दिलं. आज फॉर्टिनेट, सोफॉस, सॉनिकवॉल, वॉचगार्ड, चेक पॉइंट, पालो आल्टो या त्यातल्या मोठ्या कंपन्या आहेत. मुंबईची गाजशील्ड ही आपल्याकडची कंपनी आहे. अहमदाबादची सायबरोम २०१४ मध्ये सोफॉसनं विकत घेतली. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ही मुक्त सॉफ्टवेअरं साध्या संगणकावरही चालतात आणि लायसन्सचा खर्च वाचवतात, पण त्यांच्यासाठी पगारावर जाणता माणूस हवा. काही कंपन्या याच प्रकारच्या डब्याला नेक्स्ट जनरेशन फायरवॉल म्हणतात. छोट्या-मध्यम उद्योगाने त्या नावाच्या फरकात वेळ घालवू नये.

शंभरेक माणसांपर्यंतच्या उद्योगाने एकच डबा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच वेगळी उपकरणं घेतली तर ती सांभाळणारी पाच डोकी आपल्याकडे नसतात, आणि न सांभाळलेलं उपकरण अर्धवट चालतं. एका डब्यात नियम एका जागी दिसतात, नोंदीही एका जागी मिळतात. याची किंमतही आहे. डबा बंद पडला तर सगळं बंद, आणि डब्यातच कुणी शिरला तर सगळं उघडं. ही किंमत आपल्याला परवडेल का, हे तपासणीतून कळतं.

आधी आपल्याकडे काय आहे ते लिहून काढा

विक्रेत्याला फोन करण्याआधी जुन्या राउटरमध्ये लॉगिन करून पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडा. तिथे जे दिसतं ते बहुतेक जागी सारखंच असतं. पहिल्या ओळीत ३३८९ हा पोर्ट एका संगणकाकडे वळवलेला असतो, कारण टॅली त्या संगणकावर आहे आणि अकाउंटंटला घरून एन्ट्री करायच्या असतात. दुसऱ्या ओळीत सीसीटीव्हीचा डीव्हीआर, साहेबांना मोबाइलवर कॅमेरे बघता यावेत म्हणून. तिसरी ओळ हजेरीच्या बायोमेट्रिक यंत्राची. चौथी कशाची, ते कुणालाच आठवत नाही.

ही चार दारं थेट इंटरनेटवर उघडी आहेत. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट. तो उघडा असलेल्या संगणकांवर पासवर्ड लावून बघणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात, आणि रॅन्समवेअर टोळ्यांची ही जुनी, हमखास वाट आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटनं जगभरचे लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून.

नवा डबा बसवताना विक्रेत्याचा माणूस या चारही ओळी जशाच्या तशा उतरवून देईल, कारण तुमचं काम थांबू नये अशी त्याची इच्छा असते. तसं झालं तर लाखाचा खर्च करूनही दारं उघडीच राहतात. म्हणून आधी ठरवा: अकाउंटंट व्हीपीएनमधून येईल, कॅमेरेही व्हीपीएनमधूनच बघितले जातील, चौथी ओळ पुसली जाईल. मग व्हीपीएनवर एका वेळी किती माणसं असतील ते कळतं. लॉगिनला पासवर्डबरोबर मोबाइलवरचा कोड मागता येतो का, त्याचं वेगळं लायसन्स लागतं का, हे विचारता येतं. बऱ्याच उद्योगांना वेब फिल्टरपेक्षा व्हीपीएनचीच गरज जास्त असते, पण कोटेशनवरच्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही.

त्याच कागदावर इंटरनेट लाइनींचा वेग, संगणक-मोबाइलची संख्या आणि स्विच कोणते आहेत तेही लिहा. स्विचचं काम पुढे पडणार आहे.

डेटाशीटवरचा मोठा आकडा

छोट्या कार्यालयांत सर्रास दिसणारं फॉर्टिगेट ६०एफ हे मॉडेल उदाहरणाला घेऊ. त्याच्या डेटाशीटवर फायरवॉल थ्रूपुट १० जीबीपीएस आहे. त्याच पानावर खाली आयपीएस थ्रूपुट १.४ जीबीपीएस, थ्रेट प्रोटेक्शन ७०० एमबीपीएस आणि एसएसएल इन्स्पेक्शन (एन्क्रिप्ट केलेली वाहतूक उघडून तपासणं) ६३० एमबीपीएस असे आकडे आहेत. कंपनी काही लपवत नाही, सगळं छापलेलं आहे. पहिला आकडा मोठमोठी पॅकेट नुसती इकडून तिकडे जाऊ देताना मिळतो. थ्रेट प्रोटेक्शनचा आकडा आयपीएस, अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल आणि अँटिव्हायरस चालू ठेवून मोजलेला असतो. तुम्ही पैसे या दुसऱ्या कामाचे देता, म्हणून तुलनाही त्याच आकड्याची करा. तिन्ही कोटेशनवाल्यांकडून थ्रेट प्रोटेक्शन आणि एसएसएल इन्स्पेक्शन हे दोनच आकडे लिहून मागा. कोणत्या कंपनीनं कशा पद्धतीनं मोजलं यात फरक असतो. तो मिटवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये आरएफसी ९४११ ही मोजणीची सामाईक पद्धत प्रसिद्ध झाली आहे. त्या पद्धतीनं चाचणी झाली आहे का, हे विचारायला हरकत नाही.

माझा अंदाजाचा नियम असा: तुमच्या एकूण इंटरनेट वेगाच्या दुप्पट तरी एसएसएल इन्स्पेक्शनचा आकडा असावा. डबा पाच वर्षं चालवायचा आहे, आणि लाइनचा वेग दर दोन वर्षांनी वाढतो.

यात एक गोष्ट राहून जाते. कार्यालय, शॉप फ्लोअर आणि कॅमेरे यांची जाळी वेगळी केली आणि त्यांच्यामधली ये-जा याच डब्यातून नेली, तर इंटरनेटखेरीज आतली वाहतूकही त्याच्यावर पडते. डिझाइनचा माणूस सर्व्हरवरून मोठी कॅड फाइल उघडतो तेव्हा तीही डब्यातून जाते. लाइन २०० एमबीपीएसची आहे म्हणून छोटा डबा घेतला आणि नंतर फाइली हळू उघडतात अशी तक्रार आली, की पहिलं पाऊल म्हणून तपासणीच बंद केली जाते.

आतली जाळी वेगळी करणं मात्र टाळू नका. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. तो मर्स्क कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला आणि न्हावा शेवा इथं जेएनपीटीमधलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. विश्वासाच्या वाटेनं आत आलेल्या प्रोग्रामला इंटरनेटच्या तोंडावरचा डबा अडवू शकत नाही. आत शिरल्यावर तो किती दूर जाईल, एवढंच आपल्या हातात असतं. सीएनसी मशीनला जोडलेला विंडोज ७ किंवा एक्सपीचा संगणक बदलता येत नसेल, तर त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवरच्या स्वतंत्र जाळ्यात, ठेवून फक्त लागेल तेवढीच वाट उघडी ठेवा. त्यासाठी मॅनेज्ड स्विच लागतात. साधे स्विच व्हीलॅन समजत नाहीत, आणि नव्या स्विचचा खर्च फायरवॉलच्या कोटेशनमध्ये नसतो. तो आधीच विचारून घ्या.

पंधरा दिवस चालवून बघा

कोणताही बरा विक्रेता डेमो युनिट देतो. ते दहा तारखेच्या आसपास मागा आणि पंचवीसपर्यंत ठेवा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायची धांदल असते. तो ताण डब्यानं सोसला की बाकी दिवसांची काळजी नाही. जुना राउटर बाजूला तयार ठेवा, म्हणजे अडलं तर दहा मिनिटांत परत जोडता येईल.

पहिले चार-पाच दिवस सगळ्या तपासण्या चालू ठेवा, पण अडवू नका, नुसत्या नोंदी घ्या. कोणता संगणक रात्री दोन वाजता कुठे बोलतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसतं. मग अडवायला सुरुवात करा.

आता एचटीटीपीएसच्या तपासणीकडे या, कारण सगळ्या खरेदीचं मर्म इथे आहे. आज वेबवरची बहुतेक वाहतूक एन्क्रिप्ट केलेली असते. डब्याला ती उघडून बघायची परवानगी दिली नाही, तर साइट कोणती ते त्याला कळतं, आत काय आलं ते कळत नाही. हे डोळ्यांनी बघता येतं. अँटिव्हायरस तपासण्यासाठी आयकार नावाची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल असते, अवघ्या ६८ अक्षरांची. संगणकावरच्या अँटिव्हायरसनं ती आधीच पकडू नये म्हणून चाचणीसाठी एक वेगळा संगणक ठेवा. डब्यातलं एसएसएल इन्स्पेक्शन बंद ठेवून ती फाइल एचटीटीपीएसवरून उतरवा. गेटवे अँटिव्हायरस चालू असूनही ती निमूट खाली येईल. आता इन्स्पेक्शन चालू करून पुन्हा उतरवा. यावेळी डब्याचं लाल पान समोर यायला हवं. व्यवस्थापकांना ही चाचणी समोर बसवून दाखवा. लायसन्सच्या पैशांचं काय होतं ते दोन मिनिटांत समजतं.

इन्स्पेक्शन चालू करणं सोपं नाही. प्रत्येक संगणकावर डब्याचं सर्टिफिकेट बसवावं लागतं, नाहीतर ब्राउझर प्रत्येक पानावर इशारा देतो. क्रोम बऱ्याच साइटशी क्विक या प्रोटोकॉलनं यूडीपीच्या ४४३ पोर्टवरून बोलतो. तो अडवला नाही तर अनेक डब्यांत ही वाहतूक तपासणीला वळसा घालून जाते. बँका, जीएसटी आणि आयकराची पोर्टल, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनवर चालणाऱ्या साइट या यादीला तपासणीतून वगळावं लागतं, नाहीतर २० तारखेलाच सही अडकते. मोबाइलवरची अनेक अ‍ॅपं दुसऱ्याचं सर्टिफिकेट मानतच नाहीत, म्हणून मोबाइलना वेगळ्या वाय-फायवर ठेवा. आणि कार्यालयातली वाहतूक उघडून तपासली जाते, हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवा. ते त्यांचा हक्क म्हणून कळवायला हवं.

एवढं सांभाळायची तुमची तयारी नसेल, तर तेही प्रामाणिकपणे ठरवा. मग महागडं सगळ्या सोयींचं लायसन्स घेऊ नका. साधं आयपीएस, वेब फिल्टर आणि व्हीपीएन घ्या, आणि वाचलेले पैसे प्रत्येक संगणकावरच्या चांगल्या सुरक्षा सॉफ्टवेअरवर आणि बॅकअपवर घाला. बंद ठेवलेल्या सोयीचे पैसे देण्यापेक्षा हा खर्च कितीतरी उपयोगी पडतो.

दोन लाइनींची परीक्षा केबल उपसून घ्या. व्हिडिओ कॉल चालू असताना लीज लाइनची केबल काढा आणि ब्रॉडबँडवर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघा. केबल परत लावल्यावर आपोआप मूळ जागी येतं का, तेही बघा. नंतर दोन्ही लाइनींवर भार वाटून द्या आणि अकाउंटंटला नेट बँकिंगमध्ये बसवा. अर्ध्यात लॉगआउट झालं तर कारण बहुधा हेच असतं की एकाच सत्रातल्या मागण्या दोन वेगळ्या आयपी पत्त्यांवरून गेल्या आणि बँकेनं संशयानं सत्र तोडलं. बँकेची वाहतूक एकाच लाइनला बांधून ठेवायचा नियम करता येतो. तो विक्रेत्याच्या माणसाकडून तुमच्यासमोर करून घ्या. त्याला तो करता येतो की नाही, हेही यातून समजतं.

सकाळी अकरा-बाराच्या गर्दीत सगळं चालू असताना सीपीयू आणि मेमरी किती टक्के आहे ते बघा. पंधरा दिवसांत एकदा फर्मवेअर अपग्रेड करून बघा आणि जुन्या आवृत्तीवर परत या. कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेऊन डबा रिकामा करा आणि बॅकअप परत चढवा. वीज अचानक घालवून डबा किती वेळात उभा राहतो ते मोजा. कंपनीच्या सपोर्टला विक्रेत्यामार्फत न जाता स्वतः फोन करा, शक्यतो सुट्टीच्या दिवशी. उत्तर देणारा माणूस प्रश्न समजून घेतो की नुसता तिकीट क्रमांक देतो, ते ऐका.

नोंदी आणि कायदा

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार आपल्या संगणक-यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे, आणि यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळती ठेवायची आहेत. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना मुदतवाढ मिळाली होती, तीही २५ सप्टेंबर २०२२ ला संपली. आता डब्याकडे बघा. ६०एफमध्ये नोंदी साठवायला डिस्क नाही, ६१एफमध्ये आहे. फुकट मिळणाऱ्या क्लाउडवर सातच दिवसांच्या नोंदी राहतात. म्हणजे १८० दिवसांसाठी डिस्कवालं मॉडेल, क्लाउडचं वेगळं लायसन्स किंवा नोंदी गोळा करणारा सिसलॉग सर्व्हर, यातलं एक घ्यावंच लागणार. मोठ्या डिस्कचा एक संगणक आणि लिनक्स एवढ्यात सिसलॉग सर्व्हर उभा राहतो. पंधरा दिवसांच्या चाचणीत रोज किती जीबी नोंदी होतात ते मोजलं की पुढचा हिशेब आपोआप येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पतसंस्था, रुग्णालयं आणि शिकवणीचे वर्ग यांनी ती वाचून ठेवावी.

डब्यावरच हल्ला होतो तेव्हा

गेल्या काही वर्षांत हल्लेखोरांनी सुरक्षेच्या उपकरणांनाच लक्ष्य केलं आहे. एप्रिल २०२० मध्ये सोफॉसच्या एक्सजी फायरवॉलमधल्या त्रुटीचा वापर करून पासवर्ड चोरले जात होते. कंपनीनं तातडीची दुरुस्ती दूरवरूनच डब्यांवर पाठवली. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० फॉर्टिगेट उपकरणांचे व्हीपीएन पासवर्ड उघडकीला आले. ज्या त्रुटीतून ते गेले तिची दुरुस्ती २०१९ मध्येच उपलब्ध होती, लोकांनी ती वेळेत चढवली नव्हती. २०२५ मध्ये सॉनिकवॉलच्या क्लाउडवर ठेवलेल्या कॉन्फिगरेशन बॅकअपांपर्यंत हल्लेखोर पोहोचले. कंपनीनं सप्टेंबरमध्ये पाच टक्क्यांहून कमी ग्राहक बाधित असल्याचं सांगितलं, आणि ऑक्टोबरमध्ये ती सोय वापरणारे सगळेच बाधित असल्याचं मान्य केलं.

यावरून अमुक ब्रँड टाळा असं मी म्हणणार नाही. त्रुटी सगळ्यांच्याच निघाल्या आहेत. अमेरिकेच्या सीसा संस्थेची, प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी सगळ्यांना खुली आहे. कोटेशनमधल्या तिन्ही कंपन्यांची नावं तिच्यात शोधा आणि दुरुस्ती किती दिवसांत आली ते बघा. मग विक्रेत्याला विचारा की दुरुस्ती आल्यावर ती आमच्या डब्यावर कोण चढवणार, किती दिवसांत, आणि त्याचे पैसे वार्षिक देखभाल करारात (एएमसीत) धरले आहेत का. मला सगळ्यात जास्त काळजी या प्रश्नाच्या उत्तराची वाटते, कारण बहुतेक ठिकाणी उत्तर 'बघू' असं येतं.

अ‍ॅडमिनचं पान इंटरनेटवरून उघडत नाही, याची खात्री कार्यालयाबाहेर मोबाइल डेटावरून स्वतः करा. पुष्कळ इंटिग्रेटर सगळ्या ग्राहकांकडे एकच पासवर्ड ठेवतात. तो पहिल्याच दिवशी बदला. सगळ्यात स्वस्त मॉडेल घेताना पुढच्या आवृत्तीत त्याच्या सोयी टिकणार आहेत का हेही विचारा. फॉर्टिनेटनं २ जीबी मेमरीच्या छोट्या मॉडेलांमधून काही सोयी नंतरच्या आवृत्त्यांत काढून घेतल्या, आणि ज्यांनी त्या सोयींसाठीच डबा घेतला होता त्यांची अडचण झाली.

पैशांचा हिशेब पाच वर्षांचा

पहिल्या वर्षी डबा आणि लायसन्स एकत्र स्वस्तात मिळतं, दुसऱ्या वर्षापासून रिन्यूअल येतं. म्हणून पाचही वर्षांचे आकडे कोटेशनवरच मागा. लायसन्स संपल्या दिवशी नेमकं काय होतं, तेही विचारा. बऱ्याच कंपन्यांचा डबा फायरवॉल म्हणून चालत राहतो, फक्त नव्या धोक्यांची माहिती येणं थांबतं. सिस्को मेराकीमध्ये सगळ्या उपकरणांची मुदत एकत्र धरणारं लायसन्स असेल, तर ते संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते आणि त्यानंतर जाळंच बंद होतं.

एक तास काम थांबलं तर किती नुकसान होतं, त्याचा अंदाज घ्या आणि मग दुसरा राखीव डबा घ्यायचा का ते ठरवा. सोबत विचारा की राखीव डब्याला पूर्ण लायसन्स लागतं का. बिघडलेला डबा दुसऱ्या दिवशी बदलून देण्याचा करार पुण्या-मुंबईत पाळला जातो. तुमचा कारखाना तालुक्याच्या गावी असेल तर नवा डबा कोणत्या गोदामातून निघणार आणि कुरिअरला किती दिवस लागणार, हे करारातच लिहून घ्या.

परचेस ऑर्डरवर काही अटी मी नेहमी घालायला सांगतो. डब्याचा अनुक्रमांक कंपनीच्या पोर्टलवर तुमच्या कंपनीच्या नावानं आणि तुमच्या ई-मेलवर नोंदलेला हवा, विक्रेत्याच्या नाही. नाहीतर उद्या विक्रेता बदलायचा झाला तर लायसन्स त्याच्याच खात्यात अडकतं. लायसन्सची सुरुवात डबा बसवल्या दिवसापासून धरावी, तो विक्रेत्याच्या कपाटात पडून होता त्या दिवसापासून नको. जुन्या राउटरवरचे कोणते नियम उतरवले आणि कोणते पुसले, याची सही केलेली यादी मिळावी. चाचणीत मोजलेले आकडे बसवल्यानंतरही तेवढेच यावेत, आणि ते येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये. कॉन्फिगरेशनचा पासवर्ड लावलेला बॅकअप प्रत्येक बदलानंतर तुमच्या ताब्यात द्यावा, आणि त्याचा पासवर्ड विक्रेत्याखेरीज तुमच्याकडच्या दोन माणसांना माहीत असावा.